ग्रीन कार्डची फाईल कोणाची?

दोन मराठी माणसं परदेशात भेटली की प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. आडनाव, गाव, "म्हणजे अमक्यांचे कोण तुम्ही?" आणि चहा संपायच्या आत चौथा प्रश्न: "ग्रीन कार्ड झालं का?" आपल्या मंडळात या प्रश्नाची उत्तरं वयोगटाप्रमाणे बदलतात. १९६९-७० च्या सुमारास अमेरिकेत आलेले ज्येष्ठ सभासद सांगतात, "आम्ही मुंबईहूनच व्हिसा घेऊन आलो." १९८० च्या दशकातले म्हणतात, "झालं की दोन-तीन वर्षांत." माझ्यासारखे १९९८ च्या लाटेत आलेले आठ, दहा, बारा अशी वर्षं मोजतात. आणि गेल्या दहा वर्षांत आलेली तरुण मंडळी नुसतीच हसतात.

मग सल्ले सुरू होतात. "वकील चांगला धरायला हवा होता." "सारख्या नोकऱ्या बदलल्या की असंच व्हायचं." सल्ला देणाऱ्यांच्या मनात काही नसतं, पण ऐकणाऱ्याला ते लागतं. मी या विषयाचा थोडाफार इतिहास वाचला तो त्यामुळेच. वाचल्यावर एक गोष्ट पक्की झाली, की नोकरीमार्गे कायमचं वास्तव्य किती दिवसांत मिळेल यात आपल्या हुशारीचा वाटा फार थोडा असतो. आपण कोणत्या वर्षी आलो आणि कोणत्या देशात जन्मलो, यावर बरंचसं ठरतं. उरलेलं ठरतं ते फाईल कोणाच्या हातात आहे यावर. कारण हा अर्ज बहुतेकांच्या बाबतीत आपला नसतोच. अर्जदार असते कंपनी. आपण नुसते लाभार्थी.

नोकरीचं पत्र असेल तर प्रवेश नाही

आज अमेरिकेत यायचं तर हातात कंपनीचं ऑफर लेटर लागतं. एके काळी नेमकं उलट होतं. १८८५ साली अमेरिकी काँग्रेसनं कायदा केला, की परदेशातल्या माणसाशी आधी नोकरीचा करार करून, त्याचं भाडं भरून त्याला इथे आणायचं नाही. आणलंत तर माणशी १,००० डॉलर दंड. कंपन्या स्वस्तात मजूर आणून इथल्या कामगारांची मजुरी पाडतात, अशी कामगार संघटनांची तक्रार होती. या कायद्यात न्यूयॉर्कचं एक चर्चसुद्धा सापडलं, कारण त्यांनी इंग्लंडहून पाद्री करार करून आणला होता. अखेर १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा कायदा अंगमेहनतीच्या मजुरांसाठी आहे, धर्मगुरूंसाठी नाही.

म्हणजे परदेशी माणसाला कंपनीनं आणावं की आणू नये, हा वाद आजचा नाही. आपण ज्याला सरकारी दिरंगाई म्हणतो, तिच्या मुळाशी ही जुनी भीती आहे.

भारतीयांपुढे तर दारच बंद होतं. १९१७ च्या कायद्यानं आशियाचा मोठा भाग 'वर्जित' ठरवला आणि त्यात हिंदुस्थान आला. १९२३ साली भगतसिंग थिंड या, अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या शीख गृहस्थाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की भारतीय 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाहीत. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ पासून अमेरिकी नागरिक होते. निकालानंतर सरकारनं त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायचा दावा लावला. पंडित लढले, १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकले, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं म्हणणं ऐकून घ्यायलाही नकार दिला. आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

१९४६ साली ल्यूस-सेलर कायदा आला आणि भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. कोटा होता वर्षाला १०० माणसांचा. आपल्या गणपतीच्या आरतीलाही याहून जास्त गर्दी असते! १९५२ च्या कायद्यानं करारबंद नोकरांवरची जुनी बंदी उठवली आणि प्रत्येक देशाच्या कोट्यातला पहिला अर्धा भाग खास कौशल्य असलेल्यांसाठी राखला. त्यासाठी इथल्या मालकानं अर्ज करायचा होता. शंभरातले पन्नास. संख्या नगण्य, पण आज आपण ज्याला 'स्पॉन्सर करणं' म्हणतो ते इथून सुरू झालं. तात्पुरत्या कामाचा एच-१ व्हिसाही याच कायद्यातला.

१९६५: ज्येष्ठांची पिढी

३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली. देशागणिक लहानमोठे कोटे गेले. पूर्व गोलार्धासाठी वर्षाला १,७०,००० व्हिसा, आणि कोणत्याही एका देशाला जास्तीत जास्त २०,०००. शंभरावरून एकदम वीस हजार!

या कायद्यातली 'तिसरी पसंती' होती व्यावसायिकांसाठी, म्हणजे डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ अशांसाठी. ज्येष्ठ मंडळी 'घेऊनच आलो' म्हणतात त्याचं रहस्य इथे आहे. तिसऱ्या पसंतीत माणूस स्वतःचा अर्ज स्वतः करू शकत असे. नोकरी हातात असायची गरज नव्हती. इथल्या कामगारांवर अन्याय होत नाही असं कामगार खात्याचं प्रमाणपत्र लागायचं, पण टंचाईच्या व्यवसायांची यादी खात्यानंच करून ठेवली होती आणि डॉक्टर, परिचारिका त्या यादीत होत्या. १९६५ मध्येच मेडिकेअरचा कायदा झालेला, इस्पितळांना माणसं हवी होती. भारतातून येणाऱ्यांची संख्याही तेव्हा कमी, त्यामुळे रांग नव्हती. आठ डॉलर खिशात घेऊन आलो, भाड्याच्या खोलीत राहून नोकरी शोधली, असं ही मंडळी सांगतात ते अगदी खरं आहे. त्यांचे कष्ट कोणी नाकारत नाही. पण त्यांची फाईल त्यांची होती.

हे फार दिवस टिकलं नाही. १९७६ मध्ये काँग्रेसनं परदेशी डॉक्टरांवर निर्बंध आणले आणि तिसऱ्या पसंतीलाही इथल्या नोकरीची अट घातली. फाईल व्यक्तीकडून पुन्हा मालकाकडे गेली. तरीही रांग आवाक्यातली होती. १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली, तोवर या देशात कायमची राहणारी बरीच मराठी कुटुंबं झाली होती. ती सारी याच वीस वर्षांची कमाई.

१९९०: सात टक्क्यांचं गणित

आजची रांग समजायची असेल तर २९ नोव्हेंबर १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी सही केलेला कायदा समजून घ्यावा लागतो. नोकरीमार्गे वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं ठरली. पाच वर्ग झाले, ते आपल्याला ईबी-१, ईबी-२, ईबी-३ असे तोंडपाठ आहेत. या पहिल्या तिघांच्या वाट्याला प्रत्येकी सुमारे ४०,००० येतात. आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण ७ टक्के.

आता बोटांवर हिशोब करा. चाळीस हजारांचे सात टक्के म्हणजे सुमारे २,८००. या २,८०० मध्ये नवरा, बायको, मुलं सगळी मोजली जातात. घरी तिघं धरली तर वर्षाला हजाराहून कमी कुटुंबं. भारताला जेवढी मर्यादा तेवढीच आइसलँडला. इतर देशांची उरलेली कार्डं काही वर्षं आपल्याकडे वळायची, म्हणून हे लगेच जाणवलं नाही.

त्याच कायद्यानं एच-१बी आणला. मर्यादा वर्षाला ६५,०००, मुदत सहा वर्षं, आणि तात्पुरता व्हिसा असूनही कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायला मोकळीक. वायटूकेच्या धामधुमीत ही मर्यादा १९९९ आणि २००० साठी १,१५,००० झाली, २००१ ते २००३ साठी १,९५,०००. एच-१बीला देशवार मर्यादा नाही, ग्रीन कार्डला आहे. पुढचं दार तिप्पट उघडलं, आतलं दार होतं तेवढंच राहिलं. दोन दारांमधल्या ओसरीवर जी गर्दी झाली ती म्हणजे आपण.

एक गंमतही सांगायला हवी. देश मोजला जातो तो जन्माचा, पासपोर्टचा नव्हे. आणि नवराबायकोंपैकी ज्याचा जन्मदेश सोयीचा, तो दोघांनाही चालतो. वडील नोकरीला म्हणून मस्कतला किंवा कुवेतला जन्मलेल्या मराठी मुलीशी लग्न झालेले काही भाग्यवान आपल्यात आहेत. त्यांची कार्डं आमच्या डोळ्यांदेखत पटापट आली. पत्रिकेत जन्मस्थळ पाहतात ते उगीच नाही!

माझ्याच खुर्चीची जाहिरात

मी १९९८ साली आलो. २००० मध्ये कंपनीनं माझं 'लेबर' भरलं, म्हणजे कामगार खात्याचं ते प्रमाणपत्र मागितलं. हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना खरा वाटत नाही. आपण ज्या खुर्चीवर बसून काम करतो, त्याच खुर्चीसाठी कंपनी रविवारच्या पेपरात जाहिरात देते. ऑफिसात नोटीस लावते, त्यात पगारही लिहिलेला. योग्य असा अमेरिकी उमेदवार मिळाला नाही हे सिद्ध झालं तर पुढे जायचं. आपण लायक आहोत एवढं पुरत नाही, आपल्याइतकं लायक आणि यायला तयार दुसरं कोणी नाही हे दाखवावं लागतं.

२००२ च्या सुरुवातीला ती कंपनी बंद पडली आणि तिच्याबरोबर माझं लेबरही. वकील कंपनीचा, अर्ज कंपनीचा, त्यामुळे फाईलची झेरॉक्ससुद्धा हाती आली नाही. त्या काळी तर मंजूर झालेलं लेबर कंपनी एका माणसाकडून काढून दुसऱ्याला देऊ शकत असे. आपल्या नावानं शिजवलेला भात दुसऱ्याच्या पानात, आणि तेही कायदेशीर! कामगार खात्यानं ही पद्धत जुलै २००७ मध्ये बंद केली. लेबरचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही हा नियमही त्याच वेळचा.

नव्या कंपनीनं फेब्रुवारी २००३ मध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मे २००४ मध्ये माझी सहा वर्षं संपत होती. तारलं ते ऑक्टोबर २००० च्या कायद्यानं: लेबर वर्षभर अडकलं असेल तर एच-१बी एकेका वर्षानं वाढवून मिळायचा. मार्च २००५ पासून पर्म नावाची नवी संगणकीय पद्धत आली आणि नव्यांची लेबरं काही महिन्यांत होऊ लागली. आम्हा जुन्यांच्या, तीन लाखांहून अधिक फायली मात्र डॅलस आणि फिलाडेल्फियाच्या खास केंद्रांत नेऊन ठेवल्या. माझी फिलाडेल्फियात होती. कार्यालयातली मुलं "तुझी फाईल फिलीला शिकायला ठेवली आहे" म्हणायची.

या सगळ्यात घरी काय होतं, ते रांगेच्या आकड्यांत दिसत नाही. माझी बायको पुण्यात आर्किटेक्ट म्हणून काम करत होती. इथे तिचा व्हिसा एच-४, म्हणजे कामाला मनाई. नऊ वर्षं तिनं या देशात एक डॉलर कमावला नाही. मंडळाच्या नाटकांचे सगळे सेट त्या काळात तिनं केले, आणि ते बघून लोक म्हणायचे, "किती हौशी आहेत!" हौस नव्हती, व्यवसाय होता.

जुलै २००७: गुच्छांचा महिना

ऑक्टोबर २००५ पासून भारतीयांच्या तारखा मागे सरकल्या. परराष्ट्र खात्याच्या व्हिसा बुलेटिनवर आपली लेबरची तारीख येईपर्यंत शेवटचा अर्ज, आय-४८५, भरताच येत नाही. जून २००७ मध्ये मात्र चमत्कार झाला. जुलैच्या बुलेटिनमध्ये नोकरीमार्गाचे जवळजवळ सगळे वर्ग 'करंट'. माझं लेबर त्याच मार्चमध्ये सुटलेलं.

तो जून ज्यांनी काढला त्यांना विसरता येणार नाही. वैद्यकीय तपासणीसाठी डॉक्टरांकडे रांगा. लहानपणी बीसीजी टोचलेलं, त्यामुळे क्षयाची चाचणी हातावर फुगून यायची आणि मग एक्स-रे. जन्मदाखल्यांवर तर हसावं की रडावं. नगरपालिकेच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं, तारीख, सगळं आहे आणि बाळाचं नावच नाही, कारण बारसं नोंदणीनंतर झालेलं! मग भारतातल्या मामा-काकांची प्रतिज्ञापत्रं, नोटरी, कुरियर.

आणि २ जुलैला सकाळी बातमी आली की वर्षाचे सगळे क्रमांक संपले, अर्ज घेणार नाही. इमिग्रेशन खात्यानं जूनमध्ये सुट्टीच्या दिवशीही काम करून हजारो फायली निकालात काढल्या होत्या.

पुढे जे झालं ते आपल्या माणसांना शोभणारं होतं. आदल्याच वर्षी 'लगे रहो मुन्नाभाई' येऊन गेला होता. शिव्या नाहीत, तोडफोड नाही, लोकांनी खात्याचे संचालक एमिलियो गोन्झालेझ यांच्या नावे वॉशिंग्टनला फुलं पाठवायला सुरुवात केली. १० जुलैला शेकडो गुच्छ येऊन पडले. त्यांनी ती फुलं वॉल्टर रीड आणि बेथेस्डाच्या लष्करी इस्पितळांतल्या जखमी सैनिकांकडे पाठवली. १४ जुलैला सॅन होजेमध्ये मोर्चा निघाला. वकिलांच्या संघटना न्यायालयाची तयारी करतच होत्या. १७ जुलैला खात्यानं निर्णय फिरवला: १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेऊ, तेही जुन्या फीमध्ये. त्या महिन्यात सुमारे तीन लाख अर्ज गेले. त्यात आमचे दोन.

अर्ज गेल्यावर बायकोला कामाचा परवाना मिळाला. २००८ च्या उन्हाळ्यात ईबी-२ ची तारीख पुढे सरकली आणि आमची कार्डं टपालानं आली. पाहतो तर हिरवी नव्हतीच! १९६४ नंतर अमेरिकेनं त्या कार्डाचा हिरवा रंग सोडून दिला होता. मे २०१० पासून तो परत आला.

फाईल थोडी थोडी आपली होते

हा इतिहास नुसता रडगाण्याचा नाही. २००० च्या कायद्यानं सोय केली की आय-४८५ भरून १८० दिवस झाले तर तशाच प्रकारच्या कामासाठी कंपनी बदलता येते. मे २०१५ पासून, आय-१४० मंजूर असलेल्यांच्या एच-४ जोडीदाराला कामाचा परवाना मिळू लागला. जानेवारी २०१७ च्या नियमानं ठरलं की आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटले तर कंपनीनं अंग काढून घेतलं तरी ते आपोआप रद्द होत नाही, रांगेतली आपली तारीख राहते. नोकरी गेली तर साठ दिवसांपर्यंतची सवडही त्याच नियमातली. २००२ साली यातलं काही असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती. पण ज्यांनी पत्रं लिहिली, फुलं पाठवली, खासदारांच्या कार्यालयात खेटे घातले, त्यांच्यामुळे पुढच्यांची वाचली.

गणित मात्र तेच आहे. ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये ईबी-२ आणि ईबी-३ मधल्या भारतीयांच्या तारखा २०१३ सालातल्या होत्या. कोविडमुळे कुटुंबमार्गाचे न वापरलेले क्रमांक नोकरीमार्गाला मिळाले, २०२१ च्या सरकारी वर्षात ते २,६२,००० वर गेले, आणि त्यातले साठ हजारांहून अधिक वेळेत वापरले न गेल्यानं वाया गेले. देशवार मर्यादा काढण्याचं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, सेनेटनं डिसेंबर २०२० मध्ये वेगळा मसुदा मंजूर केला, आणि दोन्हींचा मेळ बसण्याआधी मुदत संपली. विरोध करणाऱ्यांचंही ऐकायला हवं. एकूण संख्या न वाढवता मर्यादा काढली तर छोट्या देशांतून येणाऱ्या परिचारिका आणि संशोधक आपल्या मागे कित्येक वर्षं अडकतील, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. खरा प्रश्न १,४०,००० या, १९९० पासून न बदललेल्या आकड्याचा आहे.

सगळ्यात कठीण आहे ते मुलांचं. दोन-तीन वर्षांची असताना इथे आलेली मुलं एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. २००२ च्या कायद्यानं वयाच्या मोजणीत थोडी सूट दिली, पण एवढ्या लांब रांगेपुढे ती पुरत नाही. आपल्या मराठी शाळेत बाराखडी शिकलेली, ढोलपथकात वाजवणारी काही मुलं आज कॉलेजात विद्यार्थी व्हिसावर आहेत, ज्या गावात वाढली तिथेच परदेशी म्हणून.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. तरुण मंडळींनो, आय-१४० च्या मंजुरीची प्रत आणि लेबरची तारीख कंपनीकडून लेखी मागून घ्या, पगाराच्या पावत्या आणि जुने एच-१बीचे कागद जपा. कंपनी उद्या असेल, नसेल. आणि ज्येष्ठांनो, तुमचे १९७० च्या आसपासचे व्हिसा, कॉन्सुलेटची पत्रं, पहिल्या नोकरीचे अर्ज कपाटात असतील तर मंडळाच्या कार्यकारिणीकडे त्यांच्या प्रती द्या. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ती पत्रं आणि आजच्या एखाद्या मुलाची फाईल शेजारी शेजारी छापता येईल. मग "तुमचं अजून कसं झालं नाही?" हे कोणाला विचारावं लागणार नाही. गेल्या दिवाळीला आमच्या टेबलावर बसलेल्या एका जोडप्याची लेबरची तारीख २०१४ ची आहे आणि त्यांची मुलगी पुढच्या श्रावणात एकोणीस वर्षांची होईल.